व्हॉल्व्ह बदलताना: काचेवरचं नाव आणि कारखान्याचं गाव

६ सप्टेंबर १९७६. जपानच्या हाकोदाते विमानतळावर अचानक एक सोव्हिएत मिग-२५ उतरलं. वैमानिक व्हिक्टर बेलेंको देश सोडून पळाला होता. अमेरिकन तज्ज्ञांनी विमान उघडून बघितलं, तर आत व्हॅक्यूम ट्यूब! जुन्या रेडिओत असायचे ना, तसलेच व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात हे काय, म्हणून बरीच थट्टा झाली.

आज गिटारच्या ॲम्पचा व्हॉल्व्ह बदलायला गेलात, की ती थट्टा उलटते. ब्रिटन-अमेरिकेतले मोठे कारखाने बंद पडले, रशियातले चालू राहिले.

आधी व्हॉल्व्ह ओळखायचा कसा, ते बघू. १९३०च्या दशकात युरोपात फिलिप्स आणि टेलिफुंकेनने नावांची एक पद्धत आणली, आणि ती फार हुशार आहे. ईएल३४ घ्या. ‘ई’ म्हणजे आतली तार तापवायला ६.३ व्होल्ट. ‘एल’ म्हणजे पॉवर पेंटोड, स्पीकर हलवणारा. ३ म्हणजे आठ पिनांचा ऑक्टल सॉकेट. ईएल८४ मधला ८ मात्र नऊ बारीक पिनांचा. म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसणारच नाही. ईसीसी८३ मधले दोन ‘सी’ म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. अमेरिकेत याचंच नाव १२एएक्स७. दुकानात दोन वेगळ्या नावांनी दिसला तरी गोंधळू नका.

नंबर जुळला की काम झालं? ईसीसी८३च्या बाबतीत बहुतेक वेळा हो. पॉवर व्हॉल्व्हचं तसं नाही. ईएल३४ जोडीने घ्यायचे, सारखाच करंट ओढणारे. वर बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये बायस पुन्हा लावावा लागतो. तो चुकला की आतली प्लेट लालबुंद होते, आणि कधी कधी ट्रान्सफॉर्मरही सोबत जातो. इथे चारशे व्होल्टच्या आसपास खेळ असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या, खरंच.

आता गंमत बघा. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२मध्ये पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, तो अमेरिकन फेंडर बासमन समोर ठेवून. त्यात सुरुवातीला अमेरिकन पद्धतीचे ५८८१ होते. मग ब्रिटिश केटी६६ आले, आणि शेवटी ईएल३४. ज्याला आपण ‘ब्रिटिश रॉकचा आवाज’ म्हणतो, त्यात कानाच्या आवडीइतकाच हात आहे जवळ काय मिळत होतं याचा. मला तरी असंच वाटतं.

तेव्हा ब्रिटनमधलं मोठं नाव होतं मुलार्ड, कारखाना लँकशरमधल्या ब्लॅकबर्नला. तो कारखाना आता व्हॉल्व्ह बनवत नाही, पण नाव जिवंत आहे. अमेरिकेतल्या माइक मॅथ्यूजच्या न्यू सेन्सर कंपनीने ते घेतलं, आणि आजचे मुलार्ड तिच्या रशियातल्या सरातोवच्या कारखान्यात बनतात. टंग-सोल, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही नावंसुद्धा तिथलीच. डब्यावर नाव वेगळं, भट्टी एकच.

मार्च २०२२मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, रशियाने निर्यातीवर बंधनं घातली आणि व्हॉल्व्ह त्यात अडकले. गिटारवाल्यांची धावाधाव झाली. स्लोव्हाकियातला जेजे आणि चिनी कारखाने, मोठे पर्याय एवढेच! बंधनं पुढे सैल झाली, पण किमती वाढल्याच.

तर, दुकानात ‘मुलार्ड’ छापलेला व्हॉल्व्ह हातात आला, की एकच विचारा: ब्लॅकबर्नचा की सरातोवचा? जुना ब्लॅकबर्नचा कित्येक पट महाग असतो. सरातोवचा त्या भावात कोणी देत असेल, तर सरळ बाहेर पडा.