उसिंग कक्ष
आतड्याच्या अस्तरातून होणारे आयनांचे वहन मोजण्याचे साधन. डेन्मार्कचे हान्स उसिंग यांनी ते मुळात बेडकाच्या त्वचेसाठी वापरले. झेरान यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध 1951 चा. दोन कप्प्यांच्या मधोमध अस्तराचा तुकडा बसवतात, दोन्हीकडे सारखेच द्रावण भरतात आणि बाहेरून प्रवाह देऊन तुकड्यावरील विद्युतदाब शून्यावर आणतात. लागलेला प्रवाह हेच सक्रिय आयनवहनाचे निव्वळ माप. युक्ती साधी, पण विलक्षण फलदायी: पटकीच्या विषाने क्लोराइड कसे स्रवते, हे उलगडण्यात तिचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता व हब्बू यांनी 1955 मध्ये सशाच्या पिलांत प्रायोगिक पटकी घडवली होती; तो अभ्यास मात्र कक्षातल्या तुकड्यावरचा नव्हे, अख्ख्या प्राण्यावरचा. हल्ली टी-84 या मानवी पेशींचे थरही कक्षात बसवतात.