आंबेलाकिया

ग्रीसच्या थेसाली विभागातील एक इतिहासप्रसिद्ध व्यापारी गाव. लारिसा शहराच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर, ऑसा (किसाव्होस) पर्वताच्या उतारावर ते वसले असून खाली टेंपेची प्रसिद्ध दरी व तीमधून वाहणारी पिनीऑस नदी आहे. गावाच्या नावाचा अर्थ ‘लहान द्राक्षमळे’ असा होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील रंगाऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी तांबड्या सुताच्या धंद्यासाठी एक सामाईक संस्था स्थापन केली आणि तिच्या योगाने हे डोंगरी गाव मध्य यूरोपच्या बाजारपेठांत नावारूपास आले. ही संस्था सु. तीन दशकेच टिकली. तथापि सहकारी चळवळीच्या इतिहासलेखनात तिचा उल्लेख वारंवार आढळतो.

टेंपेची दरी ऑलिंपस व ऑसा या दोन पर्वतांमध्ये असून थेसाली व मॅसिडोनिया यांना जोडणारा एक प्रमुख मार्ग तीतून जातो. प्राचीन काळी या दरीचा संबंध अपोलो देवतेच्या उपासनेशी होता. इ. स. पू. ४८० मध्ये झर्क्सीझच्या इराणी सैन्याला येथेच अडविण्याचा विचार ग्रीकांनी प्रथम केला होता. पण ही जागा सोडून ते दक्षिणेकडे माघारी गेले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस थेसालीवर ऑटोमन तुर्कांचा अंमल बसला. सपाटीवरील सुपीक जमिनीचा मोठा भाग पुढे जमीनदारांकडे गेला आणि तेथील कुळांची स्थिती हलाखीची झाली. डोंगरउतारावरील गावे त्या मानाने स्वस्थ होती. राजमार्गावरून जाणाऱ्या फौजांचा उपद्रव त्यांना कमी पोहोचे आणि ठराविक कर सामुदायिक रीत्या भरला, की गावचा कारभार बहुतांशी गावकऱ्यांच्याच हाती राही. शेतीयोग्य जमीन थोडी असल्याने अशा गावांतील लोक हस्तव्यवसायांकडे व व्यापाराकडे वळले. आंबेलाकियाची वस्तीही जवळजवळ सर्वस्वी ग्रीक ख्रिस्ती होती. राजमार्गाच्या जवळ, पण त्याच्या धामधुमीपासून अलग, हे या गावाचे स्थान त्याच्या उत्कर्षास अनुकूल ठरले.

१७१८ मधील पासारोव्हिट्सच्या तहाबरोबर ऑस्ट्रिया व तुर्कस्तान यांच्यात व्यापारविषयक करारही झाला आणि बाल्कन प्रदेशातील व्यापाऱ्यांना मध्य यूरोपचे दार उघडले. थेसाली, मॅसिडोनिया व इपायरस या भागांतील ग्रीक व्यापारी खेचरांच्या तांड्यांवर माल लादून डॅन्यूब नदीपर्यंत जात. सीमेवरील झेमून येथे संसर्गरोधासाठी काही काळ थांबून ते पेस्ट, व्हिएन्ना व लाइपसिक या शहरांकडे पुढे सरकत. व्हिएन्नात ग्रीक व्यापाऱ्यांची मोठी वसाहत निर्माण झाली. ऑस्ट्रिया व जर्मनीतील विणकरांना पक्क्या तांबड्या सुताची मोठी गरज होती. धुण्याने वा उन्हाने न विटणारा तांबडा रंग सुती धाग्यावर चढविण्याची कला अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम यूरोपला साध्य झाली नव्हती. पूर्व भूमध्य सागरी प्रदेशातील रंगाऱ्यांना मात्र ती परंपरेने अवगत होती. यामुळेच या रंगास यूरोपात ‘तुर्की तांबडा’ असे नाव पडले.

हा रंग मंजिष्ठाच्या मुळांपासून काढीत. लोकर व रेशीम यांवर मंजिष्ठाचा रंग तुरटीच्या साहाय्याने सहज बसतो. कापसाचा धागा मात्र तो नीट धरीत नाही. म्हणून सूत प्रथम ऑलिव्हचे तेल, सज्जीखाराचे पाणी व मेंढ्यांच्या लेंड्या यांच्या मिश्रणात पुनःपुन्हा भिजवून वाळवीत. त्यानंतर मायफळ व तुरटी यांची प्रक्रिया करून लडी मंजिष्ठाच्या काढ्यात उकळीत आणि शेवटी खाराच्या पाण्याने धुऊन रंग उजळीत. या कामास अनेक आठवडे लागत. तेल, तुरटीतील ॲल्युमिनियम, चुन्याचा अंश व मंजिष्ठातील ॲलिझरीन हे द्रव्य यांचा संयोग होऊन रंग धाग्यात पक्का बसतो, असे पुढे रसायनशास्त्राने दाखविले. त्या काळी हे ज्ञान अनुभवसिद्ध होते. भिजविण्याच्या खेपा किती, तेल किती व पाणी कोणते, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावानेच ठरे. कापूस थेसालीच्या मैदानात पिके, मंजिष्ठ ग्रीसमध्ये व आशिया मायनरमध्ये होई आणि डोंगरातील झऱ्यांचे पाणी हाताशी होते. कच्चा माल जवळ, कसब घरचे आणि गिऱ्हाईक दूर, असे या धंद्याचे स्वरूप होते.

गिऱ्हाईक दूर असल्यानेच एकत्र येण्याची निकड भासली. प्रत्येक घराने स्वतंत्रपणे माल पाठविला, तर परक्या शहरात आपसांतील चढाओढीने भाव कोसळत. हे टाळण्यासाठी १७७८ च्या सुमारास गावातील लहानमोठ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘सामाईक मंडळी व बंधुसंघ’ अशा अर्थाच्या नावाची संस्था स्थापन केली. डेव्हिड अर्कर्ट या स्कॉटिश लेखकाने १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुर्कस्तानविषयक ग्रंथात तिच्या रचनेची माहिती दिली आहे. तिच्यानुसार एका भागाची किमान रक्कम ५,००० पिआस्तर होती. कमाल मर्यादा २०,००० पिआस्तर ठेवलेली होती. धनिकांनी सर्व नफा गिळंकृत करू नये, हा या मर्यादेचा हेतू होता. ज्यांना एक भागही घेणे शक्य नव्हते, असे कामगार आपली अल्प बचत एकत्र करून एक भाग घेत. नफ्यातून गावातील गरिबांना साहाय्य मिळे आणि शाळेचा खर्च भागे. ग्रिगॉरिऑस कॉन्स्टांतास व कॉन्स्टांतिनॉस कूमास या ग्रीक प्रबोधनकालीन विद्वानांनी आंबेलाकियाच्या शाळेत अध्यापन केले होते.

सलॉनिका येथील फ्रेंच वकील फेलिक्स द बोझूर याने १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीसच्या व्यापारासंबंधीच्या ग्रंथात या गावाचे वर्णन केले आहे. त्याच्या मते गावाची लोकसंख्या पंधरा वर्षांत तिप्पट होऊन सु. ४,००० झाली होती. तेथे रंगाईचे २४ कारखाने होते आणि त्यांत दरवर्षी सु. २,५०० गासड्या सूत रंगविले जाई. प्रत्येक गासडी १०० ओका वजनाची असे. ओका म्हणजे सु. १.२८ किग्रॅ.; या हिशेबाने वार्षिक उत्पादन सु. ३२० टन भरते. पेस्ट, व्हिएन्ना, लाइपसिक, ड्रेझ्डेन, आन्सबाख व बायरॉइट या शहरांत हा माल खपे. पुरुष रंगाई करीत व स्त्रिया सूत कातीत. मुलांचे हातही या कामात गुंतलेले असत. या गजबजलेल्या गावाची तुलना बोझूरने हॉलंडमधील उद्योगी नगरांशी केली आहे. ही तुलना एका व्यापारी वकिलाने केलेली असल्याने तिचे मोल विशेष आहे.

संस्थेच्या चालकांपैकी गेऑर्गिऑस मावरॉस हा सर्वांत प्रसिद्ध होय. ‘मावरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ काळा. व्हिएन्नाच्या व्यवहारात त्याने त्याच अर्थाचे ‘श्वार्त्स’ हे जर्मन आडनाव धारण केले. १७८७ ते १७९८ या काळात बांधलेला त्याचा तीन मजली वाडा आजही उभा आहे. वाड्याचा खालचा भाग भक्कम दगडी असून वरचे मजले पुढे काढलेल्या लाकडी सज्जांमुळे हलके भासतात. भिंती व छते चित्रांनी आणि नक्षीने सजविलेली असून त्या चित्रांत वेलबुट्टीबरोबरच कॉन्स्टँटिनोपलसारख्या नगरांची दृश्येही आहेत. तुर्की काळातील बाल्कन गृहरचना व यूरोपीय बरोक अलंकरण यांचा संगम येथे दिसतो. हे घर मालकाचे निवासस्थान होते, तसेच संस्थेची कचेरीही होते. खालच्या मजल्यावर हिशेब व रोकड, वरच्या मजल्यावर कुटुंब व पाहुणे, ही मांडणी त्या काळच्या व्यापारी जीवनाची कल्पना आणून देते.

संस्थेच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. त्यांतील पहिले कारण अंतर्गत होते. अर्कर्टच्या वृत्तांतानुसार एका नियमाच्या भंगावरून वाद निर्माण होऊन गावात दोन तट पडले. कॉन्स्टँटिनोपल, सलॉनिका व व्हिएन्ना येथे अनेक वर्षे दावे चालले. साक्षीदारांच्या प्रवासावर अमाप पैसा खर्च झाला आणि मिळालेले निकालही पक्षकारांनी मानले नाहीत. अखेरीस मूळ संस्था फुटून तिच्या निरनिराळ्या मंडळ्या झाल्या. त्याच सुमारास नेपोलियनच्या युद्धांनी मध्य यूरोपचा व्यापार विस्कळीत झाला. १८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने दिवाळखोरी जाहीर करून कागदी चलनाचे मूल्य एक-पंचमांशावर आणले. व्हिएन्नात ठेवलेल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या ठेवी त्यामुळे मातीमोल झाल्या. यानिनाच्या अली पाशाच्या सत्तेचा जाचही या प्रदेशाला सोसावा लागला. श्वार्त्सची संपत्तीही या पडझडीत गेली.

याहून खोल कारण तांत्रिक होते. १७४७ मध्येच फ्रान्समधील रूआनजवळच्या दार्नेताल येथे ग्रीक रंगारी नेऊन तुर्की तांबड्या रंगाचा कारखाना काढण्यात आला आणि १७६५ मध्ये फ्रेंच सरकारने ही कृती प्रसिद्ध केली. १७८५ मध्ये पापियाँ या फ्रेंच रंगाऱ्याच्या मदतीने ती ग्लासगो येथे पोहोचली. यंत्रावर कातलेले इंग्लिश सूत हातसुतापेक्षा स्वस्त व एकसारखे होते. त्याच्या स्पर्धेची झळ आंबेलाकियास लागल्याचे १८०१ मध्ये आलेला क्लार्क व १८०९ मध्ये आलेला लीक या इंग्रज प्रवाशांच्या वृत्तांतांवरून कळते. १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम ॲलिझरीन तयार केले आणि मंजिष्ठाची लागवडच पुढे निरुपयोगी ठरली. याचा परिणाम भारतावरही झाला. स्कॉटलंडमधील कारखान्यांचे तुर्की तांबडे सूत व कापड एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर भारतात येऊ लागले आणि आल या झाडाच्या मुळांपासून तांबडा रंग काढणाऱ्या येथील रंगाऱ्यांचा धंदा त्याने व कृत्रिम रंगाने बसला. आंबेलाकियाच्या रंगाऱ्यांवर जी पाळी आली, तीच काही दशकांनी येथील रंगाऱ्यांवर आली.

आंबेलाकियाची संस्था ही जगातील पहिली सहकारी संस्था होय, असे विधान पुष्कळदा केले जाते. १८७५ मध्ये बुलांजे या फ्रेंच लेखकाने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिल्यानंतर या मताचा प्रसार झाला. १८४४ मधील रॉचडेलच्या संस्थेपेक्षा ती साठ वर्षांहून अधिक जुनी आहे, हे खरे. भांडवल आणि श्रम यांना एकत्र आणणे, एका व्यक्तीच्या हाती येणाऱ्या भागांवर मर्यादा घालणे व नफ्यातील वाटा सार्वजनिक कार्याकडे वळविणे ही तिची लक्षणे सहकाराशी जुळतात. परंतु एका सभासदाला एकच मत, हे रॉचडेलचे तत्त्व येथे होते असे म्हणता येत नाही. ५,००० पिआस्तर ही रक्कम सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरची होती आणि निर्णयाची सूत्रे मोठ्या व्यापारी घराण्यांकडे होती. म्हणून अनेक इतिहासकार तिला ग्रामसंस्थेच्या पायावर उभी राहिलेली व्यापारी भागीदारी मानतात. नाव कोणतेही दिले, तरी तिचा इतिहास एक गोष्ट स्पष्ट करतो. नफा वाटण्याचे नियम तिने विचारपूर्वक केले होते. तंटा उद्भवल्यास सर्वांनी मान्य करावा असा निवाडा देणारी व्यवस्था मात्र तिच्यापाशी नव्हती. यंत्राची स्पर्धा व युद्धे यांना तोंड देणे कोणत्याही गावाला कठीणच होते. पण त्यांचा पूर्ण आघात होण्यापूर्वीच संस्था आतून दुभंगली होती.

१८८१ मध्ये थेसालीचा बहुतेक भाग ग्रीस राज्यात समाविष्ट झाला. तोपर्यंत आंबेलाकिया हे एक लहान डोंगरी गाव बनले होते. सध्या तेथील वस्ती अल्प असून पर्यटन हे तिच्या उत्पन्नाचे एक साधन आहे. १९८० नंतरच्या दशकात येथील स्त्रियांनी प्रवाशांच्या निवास-भोजनाची व्यवस्था पाहणारी सहकारी संस्था काढली. २०१७ मध्ये टेंपे येथील बोगदे खुले झाल्यापासून अथेन्स-थेसालोनीकी महामार्गावरील वाहतूक दरीतील जुन्या रस्त्याने न जाता डोंगराखालून जाते. गावाकडे येणारा वळणावळणांचा घाटरस्ता दरीच्या बाजूने वर चढतो. फरसबंदी गल्ल्या, जुनी दगडी घरे व वरून दिसणारे पिनीऑसचे खोरे ही येथील आकर्षणे आहेत. श्वार्त्सचा वाडा शासनाने जतन केला असून तो संग्रहालय म्हणून पाहावयास मिळतो. रंगाईचे कारखाने मात्र नष्ट झाले आहेत. ज्या धंद्यावर हा वाडा उभा राहिला, त्याची कल्पना तेथील हिशेबाच्या खोल्यांवरून व प्रवाशांच्या लेखांवरूनच करावी लागते.