दुसऱ्या मंगळवारची कुळकथा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले, की मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या दुरुस्त्या जगभर सोडते. हैदराबादेत तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे तिकडचा मंगळवार इकडे बुधवारी उगवतो. कचेरीत येऊन संगणक चालू करावा, तर पडद्यावर टक्केवारी सरकत असते आणि यंत्र बंद करू नका अशी तंबी खाली लिहिलेली असते.

ही टक्केवारी पाहत बसण्याची वेळ आपल्यावर कशी आली, ती गोष्ट संगणकाइतकीच जुनी आहे. ती सांगायला हैदराबादसारखं सोयीचं गाव नाही, कारण अपडेटच्या कुळातल्या बहुतेक पिढ्यांनी इथे बिऱ्हाड केलं आहे.

कुळाचा मूळपुरुष कागदाचा होता. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क-१ हे अवाढव्य यंत्र सुरू झालं. त्याचा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. भोक चुकीच्या जागी पडलं, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि योग्य जागी नवं भोक पाडायचं. मार्क-१ची अशी ठिगळं लावलेली पट्टी आजही जपून ठेवलेली आहे. या पहिल्या दुरुस्तीत सगळं एकाच जागी होतं. प्रोग्राम लिहिणारा, तो चालवणारा आणि ठिगळ लावणारा, तिघेही यंत्राशेजारी उभे. ठिगळ चुकलं, तर सोलून काढायचं. खालचं भोक शाबूतच असायचं.

आपल्याकडे ही पिढी मुंबईत जन्मली आणि हैदराबादेत वाढली. अणुऊर्जा खात्याने १९६७ साली हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल ही कंपनी काढली. तिचे शिल्पकार ए. एस. राव हे मूळचे मुंबईतल्या ट्रॉम्बे अणुकेंद्राचे शास्त्रज्ञ. ईसीआयएलच्या संगणकांच्या नावातही ट्रॉम्बे राहिलं: टीडीसी, अर्थात ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. १९६९ साली टीडीसी-१२ आला, पुढे सत्तरच्या दशकात टीडीसी-३१६. ही यंत्रं बाजारातून उचलून आणण्यासारखी नव्हती. ती बसवायला इंजिनिअर जायचा आणि बिघडली की इंजिनिअरच जायचा. दुरुस्ती पाठवायची म्हणजे माणूस पाठवायचा, इतका साधा हिशेब होता.

पण यंत्र बनवणारा निघूनच गेला तर? हा प्रश्न भारतापुढे फार लवकर उभा राहिला. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतीय व्यवसायातला आपला वाटा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य झालं नाही आणि १९७८ साली तिने इथला गाशा गुंडाळला. मागे राहिले देशभर पसरलेले आयबीएमचे संगणक. आयबीएमच्या जगात तोवर दुरुस्तीला शिस्त आली होती. चूक सापडली की कंपनी तात्पुरत्या दुरुस्तीची चुंबकीय फीत ग्राहकाकडे पाठवायची आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती कायमची व्हायची. कंपनी गेली म्हणजे हा सगळा ओघ आटणार होता. तो भार ज्या सरकारी कंपनीने उचलला, तिचं नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. डिसेंबर १९७५मध्ये ती स्थापन झाली, पुढे नाव आखडून सीएमसी झालं आणि कार्यालय हैदराबादेत, जुन्या मुंबई महामार्गावर गच्चीबावलीला आलं. सीएमसीने पुढे पुष्कळ मोठी कामं केली. १९८५मध्ये दिल्लीत सुरू झालेली रेल्वे आरक्षणाची संगणकीय यंत्रणा तिचीच. पण तिचा जन्म देखभालीसाठी होता. दुसऱ्याने विकलेलं यंत्र चालतं ठेवायला एखाद्या देशाने आख्खी कंपनी उभारावी, ही या कुळातली विलक्षण घटना आहे.

इकडे सीएमसीचे इंजिनिअर गावोगाव जात होते, तेव्हा तिकडे युनिक्सच्या जगात दुरुस्तीने माणसाची सोबत सोडली. १९८५मध्ये लॅरी वॉल या प्रोग्रामरने ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यामागची कल्पना सरळ होती: सगळा प्रोग्राम पुन्हा कशाला पाठवायचा, जुन्यात आणि नव्यात जो फरक आहे तेवढाच पाठवा. पॅच तो फरक वाचून योग्य ओळी शोधायचा आणि बदलायचा. ओळी जुळल्या नाहीत, तर तेवढा भाग नाकारून वेगळ्या फाइलीत बाजूला ठेवायचा. बदल नकोसा झाला, तर तोच फरक उलटा लावता यायचा. आजच्या अपडेटमधली तीन कामं, म्हणजे फक्त फरक उतरवणं, जुळत नसेल तर थांबणं आणि मागे फिरणं, या छोट्या प्रोग्रामात दिसतात. मात्र तो बदल लावायचा की नाही, हे अजून यंत्राच्या मालकाच्या हातात होतं.

नव्वदच्या दशकात संगणक घराघरांत शिरला आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला आला. सिकंदराबादेत पार्क लेनवर चिनॉय ट्रेड सेंटर आहे, लोकांच्या तोंडी सीटीसी. सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणाऱ्या दुकानांचा हा बाजार. नांदेड-लातूरकडून हैदराबादच्या अमीरपेठेत कोर्स करायला गेलेल्या मुलांनाही तो परका नाही. तेव्हा विंडोजच्या दुरुस्त्या ‘सर्व्हिस पॅक’ या नावाने गठ्ठ्याने निघायच्या. मोडेमवरून त्या उतरवणं जिकिरीचं, म्हणून सीडीवरून लावायच्या.

मग १९९८ साल आलं. जूनमध्ये विंडोज ९८ बाजारात आलं आणि त्याच्याबरोबर ‘विंडोज अपडेट’, म्हणजे इंटरनेटवरून थेट दुरुस्ती घेण्याची सोय. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत आपलं विकास केंद्र उघडलं आणि नोव्हेंबरात पंतप्रधान वाजपेयींनी सायबर टॉवर्स या इमारतीचं उद्घाटन केलं. मायक्रोसॉफ्टच्या केंद्राचा मोठा परिसर पुढे गच्चीबावलीतच झाला. व्हिज्युअल जे-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवण्याची साधनं, ही इथली सुरुवातीची कामं. परदेशी कंपनी गेल्यावर तिची यंत्रं सांभाळणाऱ्या संस्थेच्या शेजारी आता दुसरी परदेशी कंपनी आली होती आणि तिला दुरुस्तीसाठी गावोगाव माणूस पाठवायची गरज उरली नव्हती.

तरीही मालकाने ‘हो’ म्हटल्याशिवाय दुरुस्ती लागत नव्हती आणि बहुतेक मालक काहीच म्हणत नव्हते. त्याची किंमत २००३ साली कळली. जानेवारीत स्लॅमर नावाच्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, जगभरचे सर्व्हर काही मिनिटांत गाठले. ज्या भोकातून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती आदल्या जुलैपासून उपलब्ध होती. ऑगस्टमध्ये ब्लास्टर आला. त्याच्यावरची दुरुस्ती निघून महिनाही झाला नव्हता. इथे अपडेटमधली मूळ गोची उघड झाली. दुरुस्ती जाहीर करणं म्हणजे भोक कुठे आहे ते जाहीर करणं. हल्लेखोर नवी फाइल जुन्या फाइलीशेजारी ठेवतो, फरक वाचतो आणि त्यावरून हत्यार घडवतो. लॅरी वॉलने सोय म्हणून वापरलेला तोच फरक आता शत्रूच्या हाती नकाशा झाला होता. उशीर केला तर किडा शिरतो. घाई केली तर न तपासलेली दुरुस्ती कचेरीचं काम बंद पाडते.

ऑक्टोबर २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर तोड काढली ती पंचांगाची. दुरुस्त्या केव्हाही न सोडता महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी सोडायच्या. सोमवार गेलेला असतो आणि बिघाड निस्तरायला आठवड्याचे दिवस हाताशी उरतात. मोठ्या कचेऱ्यांनी त्यावर आपला क्रम बसवला: आधी चाचणीच्या चार यंत्रांवर, मग एका विभागात, मग सगळीकडे. पुढच्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि आपोआप अपडेट चालू ठेवण्याचा आग्रह घरगुती संगणकापर्यंत पोचला.

सर्वांना छळणारं रीस्टार्टही याच कुळातलं दुखणं. विंडोजमध्ये एखादी फाइल वापरात असेल, तर सहसा ती बदलू देत नाहीत. म्हणून नवी फाइल बाजूला ठेवून नोंद करतात, की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना, कोणी ती हातात घ्यायच्या आत अदलाबदल करा. धावत्या बैलगाडीचं चाक काढता येत नाही, तसंच हे. लिनक्समध्ये जुनी फाइल वापरात असतानाच त्या नावावर नवी फाइल ठेवता येते. चालू प्रोग्राम जुनीच धरून राहतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर नवी घेतो. म्हणून तिथे रीस्टार्ट कमी लागतं, पण यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल बदलला की बहुधा तिथेही सुटका नसते.

सीटीसीसारख्या बाजारांनी आपोआप अपडेटच्या आग्रहाला आपलं उत्तर शोधलं होतं. विंडोजची चोरीची प्रत टाकायची आणि अपडेट बंद करूनच संगणक हवाली करायचा. अपडेटबरोबर तपासणी यायची, प्रत अस्सल नाही असं म्हणत पडद्याची पार्श्वभूमी काळी व्हायची आणि गिऱ्हाईक दुकानात परत यायचं. कंपनी अशा प्रतींनाही सुरक्षेच्या दुरुस्त्या देत होती, हे कोण समजावणार! अपडेट म्हणजे कटकट, ही समजूत रुजली आणि अस्सल प्रत घेतलेल्यांनीही ती उचलली.

१२ मे २०१७ला वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा आला, तेव्हा आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक त्याने कुलूपबंद केले. दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती. ज्या एक्सपीची साथ कंपनीने एप्रिल २०१४मध्ये सोडली होती, त्यालाही दुसऱ्याच दिवशी अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदत घालून दिली: जून २०१९पर्यंत प्रत्येक एटीएममध्ये, बनवणारा ज्याची अजून काळजी घेतो अशीच ऑपरेटिंग सिस्टिम हवी.

मायक्रोसॉफ्टने तोवर मालकाला विचारणंच कमी केलं होतं. २०१४मध्ये कंपनीची सूत्रं हैदराबादेत जन्मलेल्या सत्या नाडेलांकडे गेली. पुढच्या वर्षीच्या विंडोज १०मध्ये घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारता येत नसे. कच्च्या आवृत्त्या हौशी वापरकर्त्यांच्या यंत्रांवर आधी चालवून पाहायच्या, हा चाचणीचा नवा मार्ग ठरला. तो पुरेसा नव्हता हे ऑक्टोबर २०१८मध्ये दिसलं. त्या महिन्याच्या मोठ्या अपडेटने काहींच्या फाइलीच पुसल्या आणि काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. अशी तक्रार हौशी मंडळींनी आधीच नोंदवली होती. ढिगात ती दिसली नव्हती.

आणि मग १९ जुलै २०२४. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवर चालणाऱ्या आपल्या प्रोग्रामसाठी एक लहान फाइल सोडली. हे मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं, पण प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसणारा होता. फाइलीत एकविसाव्या नोंदीची तपासणी होती, प्रोग्रामला मात्र वीसच नोंदी पुरवल्या जात होत्या. नसलेली नोंद वाचायला गेलेला गाभा कोसळला आणि जगभरात सुमारे ८५ लाख संगणकांवर निळा पडदा आला. हैदराबादच्या विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले; कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाच्या पासाचं छायाचित्र देशभर फिरलं. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. त्याचा तोपर्यंत कोसळलेल्या यंत्रांना फारसा उपयोग नव्हता, कारण जे यंत्र सुरूच होत नाही ते नवी फाइल उतरवणार कसं? अनेक कचेऱ्यांनी ‘आमच्याकडे एक आवृत्ती उशिरानेच लावा’ असं ठरवून ठेवलं होतं. तो नियम या प्रकारच्या फाइलींना लागूच नव्हता.

उपाय निघाला तो थेट १९४४च्या जातीचा. कोणीतरी प्रत्येक यंत्राशेजारी जायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ती एक फाइल पुसायची आणि पुन्हा चालू करायचं. डिस्क कुलूपबंद असेल, तर आधी लांबलचक किल्ली शोधून टंकायची.

घरच्या संगणकावर अपडेट अडकतं तेव्हाचे उपायही याच वळणाचे आहेत. आधी जागा मोकळी करा, कारण भरलेली डिस्क हे नेहमीचं कारण. मग अपडेटची सेवा थांबवून अर्धवट उतरलेल्या फाइलींचं फोल्डर रिकामं करा, म्हणजे सगळं नव्याने उतरेल. तरीही जमलं नाही, तर विंडोजच्याच तपासणी-आज्ञांनी यंत्रणेच्या मूळ फाइली ताडून घ्या. अपडेट लागल्यावर बिघाड झाला असेल, तर रिकव्हरीत जाऊन शेवटचं अपडेट काढा. लॅरी वॉलच्या पॅचसारखा, फरक उलटा लावा. हे सगळं करताना समोर बसलेलं माणूस लागतं आणि ते माणूस आता आपणच असतो.

या कुळाने ऐंशी वर्षांत वेग कमावला, पण प्रत्येक पिढीत दुरुस्ती करणारा यंत्रापासून एकेक पाऊल लांब गेला. चालतंय तोवर त्याची उणीव भासत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित साथ संपली. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, पण विंडोज ११च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक मागे राहिले. त्यांच्यावर लिनक्स चढवता येईल, पण ते चढवून पुढे सांभाळणारं कोणी हवं. १९७८मध्ये बनवणारा निघून गेला, तेव्हा मागे राहिलेल्या यंत्रांसाठी देशाकडे सीएमसी तयार होती. ती सीएमसी २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली. आज ते काम कोणत्याही एका संस्थेचं नाही. ते पार्क लेनवरच्या दुकानदाराच्या, कचेरीतल्या एकट्या तंत्रज्ञाच्या आणि घरात ज्याला ‘जरा बघ रे’ म्हणून हाक मारतात त्या भाच्या-पुतण्याच्या गळ्यात पडलं आहे.