पार्लो, पार्ली, पार्ला

ऑफिसात मिलानच्या क्लायंटचं काम आलं आणि मी फोनवर इटालियन शिकायला घेतलं. काम इंग्रजीतच चालतं, पण कॉलच्या सुरुवातीला दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोलावीत, एवढीच हौस. पहिलं क्रियापद आलं 'पार्लारे', म्हणजे बोलणं. पार्लो : मी बोलतो. पार्ली : तू बोलतोस. पार्ला : तो किंवा ती बोलते. पार्ले बिस्किटाच्या कृपेने पाच मिनिटांत पाठ झालं.

पहिल्याच कॉलवर मी साठीच्या एका गृहस्थांना 'चाओ, कोमे स्ताय?' असं विचारलं. ते हसले. टीममधल्या एकीने नंतर सांगितलं, "अरे, तू त्यांना 'काय रे, कसा आहेस?' म्हणालास. 'कोमे स्ता?' म्हणायचं." आदर दाखवायचा तर समोरच्याला 'लेइ', म्हणजे चक्क 'ती' म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी लावायचं. समोर पुरुष असला तरी!

विचित्र वाटलं, पण आपणही म्हणतोच की, "स्वारी कुठे निघाली?" तिकडच्या जुन्या दरबारी भाषेत बड्या माणसाला 'वोस्त्रा सिन्योरिया' म्हणत. शब्द स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनामही 'ती'. आणि ज्या 'चाओ'मुळे मी आगाऊ ठरलो, तो मूळचा व्हेनिसच्या बोलीतला. त्याचा अर्थ होता 'मी आपला दास'!

या 'लेइ'वर एकदा सरकारची वक्रदृष्टी झाली. 1938 साली मुसोलिनीच्या राजवटीने ठरवलं की 'लेइ' ही परक्या वळणाची लाचारी आहे. जवळच्यांशी 'तू', बाकीच्यांशी 'व्होइ', म्हणजे 'तुम्ही' बोला. 'लेइ' नावाचं बायकांचं एक मासिक होतं. त्यालाही नाव बदलून 'अन्नाबेल्ला' व्हावं लागलं. 1943 मध्ये राजवट कोसळली आणि 'लेइ' परत आली. माझ्या फोनवरच्या धड्यात आज तीच आहे.

पण मला खरा धक्का बसला तो त्याही मागे गेल्यावर. 1861 साली इटली एक देश झाला, तेव्हा किती लोकांना इटालियन बोलता येत होतं? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे 2.5 टक्के. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तो 10 टक्क्यांच्या आसपास नेला. तरीही उरलेले 90 टक्के घरात सिसिलियन, नापोलितान, व्हेनेतो बोलत होते. मान्झोनी हा केवढा मोठा कादंबरीकार, पण मिलानचा. त्याने आपली गाजलेली कादंबरी फ्लॉरेन्सच्या बोलीच्या वळणाने पुन्हा घासूनपुसून लिहिली आणि ती 1840 ते 1842 मध्ये छापली. म्हणजे तोसुद्धा एका अर्थी विद्यार्थीच.

सर्वसामान्यांना ही भाषा शाळेने, सैन्याने, शहरातल्या नोकऱ्यांनी आणि टीव्हीने शिकवली. 1951 च्या जनगणनेत साधारण 13 टक्के लोक निरक्षर होते. 1960 पासून 'राय' या सरकारी वाहिनीवर आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक मोठ्या कागदावर कोळशाने चित्रं काढत अक्षरं शिकवायचे. कार्यक्रमाचं नाव होतं 'नॉन ए माय त्रोप्पो तार्दी' : कधीच फार उशीर झालेला नसतो. उतारवयातली माणसं वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसायची. 1968 पर्यंत तो चालला.

या माणसांना सही करता आली, अर्ज भरता आला, फसवणूक टळली. हे छोटं काम नव्हे. पण त्याच काळात कित्येक घरांत आईबापांनी मुलांशी बोलीत बोलणं बंद केलं. मुलं मागे पडू नयेत म्हणून.

हे वाचताना मी थांबलो. माझी आजी अहिराणी बोलायची. आम्ही धुळ्याहून पुण्याला आलो तेव्हा आईने घरात अहिराणी बंद केली. शाळेत पोरं हसतील म्हणून. आईचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. मराठी 'शुद्ध' झाली, इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. आजी बोलायची ते समजायचं, पण उत्तर मी मराठीत द्यायचो.

आज मला 'पार्लारे' तिन्ही पुरुषांत चालवता येतं. अहिराणीतलं 'बोलणं' चालवता येत नाही. आजी आता नाही, पण मावशी आहे. गेल्या रविवारी तिला फोन केला आणि म्हटलं, "आजपासून माझ्याशी अहिराणीतच बोल."

ती आधी हसली. मग बोलायला लागली.