आधी व्याख्यानगृह, मग प्रयोगशाळा

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सान्स सूसी’ नावाचे इंग्रजी नाट्यगृह होते. १८४३ मध्ये तिथली लोकप्रिय अभिनेत्री एस्थर लीच हिच्या कपड्यांनी प्रयोगाच्या वेळी दिव्यामुळे पेट घेतला आणि त्या भाजण्यातच तिचा अंत झाला. नाट्यगृहाची रयाही गेली. पुढे १८६० मध्ये बेल्जियन जेझुइट पाद्र्यांनी त्याच जागी सेंट झेवियर्स कॉलेज उघडले. मग दहाएक वर्षांच्या आतच तिथे पुन्हा प्रेक्षक जमू लागले. आता त्यांना ओढून आणत होते ते पदार्थविज्ञानाचे प्रयोग.

हे प्रयोग करून दाखवणारे फादर युजीन लाफाँ १८३७ मध्ये बेल्जियममधल्या मोंस शहरात जन्मले आणि १८६५ मध्ये कोलकात्यात आले. कॉलेजात विज्ञान शिकवता शिकवता त्यांनी एक छोटी वेधशाळा उभारली. नोव्हेंबर १८६७ मध्ये वायुभारमापकाचा पारा झपाट्याने उतरताना पाहून त्यांनी वादळाचा इशारा दिला, आणि चक्रीवादळ खरोखरच शहरावर आदळले. बायबल शिकवणारा हा पाद्री हवेचीही भाषा जाणतो, अशी त्यांची ख्याती झाली. १८७४ च्या डिसेंबरात शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. त्यासाठी इटलीहून आलेल्या पिएत्रो ताक्किनी यांच्या तुकडीबरोबर लाफाँ बंगालच्या ग्रामीण भागात वेध घ्यायला गेले. ताक्किनींकडे सूर्यप्रकाश रंगांत उलगडून दाखवणारा वर्णपटदर्शक होता. त्यानंतर लवकरच सरकार आणि नागरिक यांच्या मदतीने सेंट झेवियर्सच्या गच्चीवर सौर वेधशाळेचा घुमट उभा राहिला.

लाफाँ यांची जाहीर व्याख्याने ऐकायला युरोपीय अधिकारी, बंगाली वकील-डॉक्टर आणि कॉलेजातली मुले एकत्र बसत. प्रकाश, ध्वनी, वीज हे त्यांचे नेहमीचे विषय. मॅजिक लँटर्नच्या चित्रांनी आणि हाताने करून दाखवलेल्या प्रयोगांनी व्याख्यान रंगे. (आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने याच यंत्राचे खेळ गाजवले, ते मात्र १८९२ पासून.) युरोप-अमेरिकेत नवे काही निघाले की लाफाँ ते उपकरण मागवत आणि लोकांसमोर मांडत. टेलिफोन, एडिसनचा फोनोग्राफ आणि पुढे क्ष-किरण यांची ओळख कोलकात्याच्या अनेकांना त्यांच्याच टेबलावर झाली. त्यांच्या वर्गात बसलेला एक मुलगा म्हणजे जगदीशचंद्र बोस. भौतिकशास्त्राची गोडी लागली ती लाफाँ यांच्या प्रयोगांमुळे, असे बोस यांनी जन्मभर मानले.

एका कॉलेजातली आणि एका माणसाच्या उत्साहावर चाललेली व्याख्याने त्या माणसाबरोबर संपतात. त्यांना स्वतःची वास्तू आणि स्वतःचा निधी हवा, हे ओळखले डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी.

सरकार १८३३ मध्ये हावड्याजवळच्या खेड्यात जन्मले. लहानपणीच पोरके झाले आणि कोलकात्यात मामांकडे वाढले. १८६३ मध्ये त्यांनी वैद्यकातली एम. डी. मिळवली. ही पदवी मिळवणारे ते कोलकाता विद्यापीठाचे दुसरेच विद्यार्थी. १८६७ मध्ये त्यांनी होमिओपॅथीची बाजू जाहीरपणे घेतली, तेव्हा वैद्यकीय वर्तुळाने त्यांना वाळीत टाकले. माणूस बधणारा नव्हता. त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे स्वतःचे नियतकालिक काढले आणि १८६९ मध्ये त्यातच एक निकडीची मागणी मांडली : भारतीयांनी विज्ञानाची जोपासना करावी यासाठी भारतीयांनीच चालवलेली राष्ट्रीय संस्था हवी.

त्यांच्या डोळ्यांपुढे लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन होती. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत १८१२ साली बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकायला गेला. एका गिऱ्हाइकाने त्याला तिकिटे दिली होती. त्याने व्याख्यानांची टिपणे सुबक बांधून डेव्हींना पाठवली, १८१३ मध्ये त्यांचा मदतनीस झाला आणि १८३१ मध्ये त्याच इमारतीत विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. मधल्या काळात, १८२५ च्या सुमारास, तिथे शुक्रवारची सायंव्याख्याने आणि मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. जिथे श्रोता शास्त्रज्ञ होऊ शकतो अशी एक जागा कोलकात्यात असावी, हा सरकारांचा ध्यास होता.

पैसे जमवायला सहा-सात वर्षे लागली आणि मध्येच एक वाद उभा राहिला. ‘इंडियन लीग’च्या मंडळींचे म्हणणे होते की देश गरीब आहे, म्हणून आधी तंत्रशाळा काढा आणि मुलांना कारागिरी शिकवा, निव्वळ विज्ञानाची चैन कशाला? सरकारांनी उत्तर दिले की मुळाशी विज्ञान नसेल तर आपले लोक इतरांनी शोधलेली यंत्रे फक्त चालवत राहतील. या वादात लाफाँ सरकारांच्या बाजूने ठाम उभे राहिले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांचा पाठिंबाही मिळाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी वर्गणी दिली. अखेर २९ जुलै १८७६ रोजी २१०, बोबाजार स्ट्रीट या पत्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ सुरू झाली.

सुरुवातीला संशोधन असे काही नव्हतेच, होती ती व्याख्याने. लाफाँ पार्क स्ट्रीटहून इथे येऊन पदार्थविज्ञानावर बोलत, तेही विनामोबदला. पुढली दीड-दोन दशके त्यांनी हा शिरस्ता पाळला. सरकार दिवसभर रुग्ण तपासत आणि संध्याकाळी विद्युत व चुंबकत्व समजावून सांगत. कनाईलाल डे यांच्याकडे रसायनशास्त्र होते, प्रमथनाथ बोस यांनी भूशास्त्र घेतले, आणि पुढे तरुण जगदीशचंद्र बोस व आशुतोष मुखर्जी यांनीही इथे व्याख्याने दिली. ज्या कॉलेजांकडे प्रयोगाची साधने नव्हती, त्यांच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातले उपकरण प्रत्यक्ष दिसायचे ते इथेच. कालीकृष्ण ठाकूर यांनी उपकरणांसाठी २५,००० रुपये दिले. लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पायाभरणी होऊन १८८४ मध्ये प्रशस्त व्याख्यानगृह उभे राहिले. प्रयोगशाळेची इमारत विजयानगरमच्या महाराजांच्या देणगीतून झाली, तीही त्यानंतर. आधी बाकडी मांडली गेली आणि मग प्रयोगाची टेबले आली, हा क्रम या संस्थेबद्दल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईत अशा व्याख्यानांची सुरुवात आधीच झाली होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखांनी ‘ज्ञानप्रसारक’ सभा चालवल्या. दादाभाई नौरोजी, दादोबा पांडुरंग, भाऊ दाजी अशी मंडळी त्यांत होती. इंग्रजी न येणाऱ्याला नवे ज्ञान त्याच्या भाषेत मिळावे, हा त्यांचा हेतू. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघाले. कोलकात्याची व्याख्याने मुख्यत्वे इंग्रजीत होत. भाषेच्या बाबतीत मुंबईची तरुण मंडळी त्यांच्या पुढे होती. मात्र व्याख्यानातून प्रयोगशाळेकडे जाणारी वास्तू सरकारांनी बांधली, तशी त्या काळात मुंबई-पुण्यात कुणी बांधली नाही. मुंबई-पुण्याची शक्ती मुख्यतः इतिहास, समाज आणि राजकारण यांवरच्या व्याख्यानांकडे वळली.

सरकारांना स्वतःला मात्र आपण हरलो असे वाटत राहिले. व्याख्याने चालत, टाळ्या पडत, पण पूर्णवेळ प्राध्यापक नेमायला लागणारा कायमचा निधी कुणी देत नव्हते. संस्थानिक आणि जमीनदार समारंभांवर लाखो उधळतात आणि विज्ञानापुढे हात आखडतात, ही सल त्यांनी अखेरच्या वर्षांत उघडपणे बोलून दाखवली. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी ते गेले. चार वर्षांनी, १९०८ मध्ये, लाफाँही दार्जिलिंगला निवर्तले. बोबाजारच्या कपाटांत उपकरणे होती. संशोधनासाठी ती हातात घेणारे मात्र जवळजवळ कुणीच नव्हते.

१९०७ मध्ये अर्थखात्यातला अठरा वर्षांचा एक अधिकारी पहिल्याच नेमणुकीवर मद्रासहून कोलकात्यात आला. ट्रामने जाता-येता त्याला असोसिएशनची पाटी दिसली. त्याने दार ठोठावले. दार उघडणारे आशुतोष डे पुढे दोन तपांहून अधिक काळ त्याचे सहायक राहिले. महेंद्रलालांचे पुत्र अमृतलाल सरकार तेव्हा संस्थेचे सचिव होते. त्यांनी चंद्रशेखर वेंकट रामन या तरुणाला आनंदाने किल्ल्या सोपवल्या. रामन पहाटे प्रयोगशाळेत येत, घरी जाऊन कचेरी गाठत आणि संध्याकाळी परत येऊन रात्रीपर्यंत काम करत. वर्षानुवर्षे हा क्रम चालला. वीणा, तंबोरा, मृदंग आणि व्हायोलिन यांच्या नादाचे पदार्थविज्ञान त्यांनी याच वास्तूत धुंडाळले. जुन्या परंपरेप्रमाणे व्याख्यानगृहात ते लोकांसमोरही बोलत.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्याबरोबरच्या कामातून, त्यांना हवे ते सापडले. पाऱ्याच्या दिव्याचा प्रखर प्रकाश द्रवातून नेला आणि विखुरलेला प्रकाश छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिला, तर मूळ रंगाच्या रेषेशेजारी नव्या, फिक्या रेषा दिसत होत्या. प्रकाशाने रेणूंना आपल्या ऊर्जेतला थोडा वाटा दिला होता, म्हणून त्याचा रंग बदलला होता. सूर्यप्रकाश उलगडणाऱ्या ज्या विद्येची लाफाँ यांना १८७४ मध्ये ओढ लागली, तिच्यातलाच हा शोध. १६ मार्चला रामन यांनी तो बंगळूरमध्ये व्याख्यानातून विस्ताराने मांडला. १९३० मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. सरकारांना जो विजय पाहता आला नाही, तो त्यांच्याच वास्तूत घडला होता.

१९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. व्याख्यानांची ही वाट महाराष्ट्रातही आज चालू आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद गावोगावी मराठीतून कार्यक्रम घेते. डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ने शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने रुजवली, आणि विज्ञान दिनी तिथली दारे सर्वांना खुली होत आली आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये ‘चाय अँड व्हाय’ सुरू केले. तिथे चहा घेता घेता शास्त्रज्ञाला कुणीही प्रश्न विचारू शकतो.

या सभागृहांत नेहमी काही खुर्च्या रिकाम्या असतात. शिक्षकांनी वर्ग घेऊन जावे, आईवडिलांनी परीक्षेच्या तयारीतली एक सकाळ काढून मुलांना न्यावे आणि स्वतःही शेजारी बसावे. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांनी शाळेच्या नव्या कमानीआधी एखाद्या व्याख्यानमालेच्या उपकरणांचा खर्च उचलावा. महेंद्रलाल सरकारांनी आयुष्यभर लोकांकडे हेच मागितले, आणि त्यांना ते पुरेसे मिळाले नाही. आज ते द्यायला फार मोठी दौलत लागत नाही.