साखरेची रेघ : गरोदरपणातील मधुमेह-तपासणीची दोनशे वर्षे

१/१० बर्लिन, १८२३. बावीस वर्षांची एक स्त्री पाचव्यांदा गरोदर होती. तिची तहान काही केल्या शमेना; लघवीत साखर आढळली. हाइनरिश बेनेविट्झ यांनी तिची हकीकत नोंदवली. बाळाचे वजन १२ पौंड भरले आणि ते प्रसूतीतच दगावले. बाळंतपणानंतर आईच्या लघवीतील साखर मात्र नाहीशी झाली.

२/१० आपल्या लॅटिन प्रबंधात बेनेविट्झ यांनी हा मधुमेह गरोदरपणाचेच लक्षण मानला. विकार ध्यानात आला तो तहान अनावर झाल्यावर. तो आधी कसा ओळखावा, आणि किती आधी, हा प्रश्न पुढील पिढ्यांसाठी उरला.

३/१० १८८२ मध्ये लंडनच्या जेम्स मॅथ्यूज डंकन यांनी मधुमेही स्त्रियांच्या २२ गर्भारपणांचा आढावा मांडला. माता आणि अर्भके, दोहोंचे मृत्यू त्यात होते. मधुमेह केवळ गरोदरपणातच उद्भवू शकतो आणि एरवी नसतो, हेही त्यांनी नोंदवले.

४/१० १९२२ पासून इन्सुलिनचे उपचार सुरू झाले आणि मधुमेही मातांचे प्राण वाचू लागले. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात कारणमीमांसा दिली : आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, तिचे इन्सुलिन पोहोचत नाही. मग बाळाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवते आणि बाळ अवाजवी वाढते.

५/१० परंतु जिला कसलाच त्रास नाही, तिचे काय? १९६४ मध्ये बॉस्टनच्या जॉन ओ'सुलिव्हन आणि क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तास रक्त तपासले आणि त्या आकड्यांवरून निदानाची रेघ आखली.

६/१० या रेघेची पारख एका निकषावर झाली : पुढील आयुष्यात कोणत्या आईला मधुमेह होतो? बाळाला होणारा अपाय तिचा आधार नव्हताच. तरीही अनेक दशके बाळांची काळजी याच रेघेवरून घेतली गेली.

७/१० बाळाच्या बाजूचे उत्तर २००८ मध्ये आले. नऊ देशांतील २३,००० हून अधिक मातांच्या ‘हापो’ अभ्यासात दिसले की आईची साखर वाढते तसतसा बाळाचा धोका चढत जातो. मध्ये स्पष्ट पायरी कुठेच नाही. म्हणजे रेघ निसर्गाने आखलेली नव्हती, ती माणसांनाच ठरवायची होती.

८/१० भारताची अडचण वेगळी होती. दूरवरून आलेल्या गरोदर बाईला उपाशीपोटी पुन्हा बोलावले, तर ती परत येईलच असे नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी सोपी रीत पुढे आणली : पोट रिकामे असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे आणि दोन तासांनी रक्त एकदाच तपासावे. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली, तर निदान निश्चित.

९/१० वारेतील संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव उत्तरार्धात मंदावतो, म्हणून जगभर २४ ते २८ आठवड्यांत तपासणीची प्रथा रूढ झाली. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने मात्र पहिल्याच भेटीत एक तपासणी आणि ती निर्दोष आल्यास २४ ते २८ आठवड्यांत दुसरी, असा क्रम ठरवला. २०२३ मध्ये भारतासह चार देशांतील एका चाचणीत, जोखमीच्या स्त्रियांवर विसाव्या आठवड्याआधी उपचार केल्यास नवजातांचा धोका घटल्याचे आढळले. ही घट माफक होती.

१०/१० पुण्यातील संशोधन याहूनही मागे गेले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. ज्या मुलींच्या रक्तात बालपणी तुलनेने अधिक साखर होती, त्यांच्यात पुढे गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळला. बर्लिनमध्ये तहानेपासून सुरू झालेला शोध आता शाळकरी मुलीच्या रक्ततपासणीपाशी आला आहे.