पिंजऱ्यातील मांस, अरण्यातील मासे : ॲमेझॉनच्या लघुकर्णी कोल्ह्याच्या आहारज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात साधनांची चिकित्सा ही पहिली पायरी मानली जाते. कोणते साधन, ते कोणी निर्माण केले, कोठे आणि कोणत्या हेतूने, हे प्रश्न बखरीला विचारले जातात, तसेच ते सरकारी दप्तरालाही विचारले जातात. निसर्गविज्ञानातील नोंदी मात्र बहुधा या चिकित्सेतून सुटतात. एखादा वन्य प्राणी काय खातो, हे विधान ग्रंथात छापले गेले की ते निसर्गाचेच विधान आहे असे समजले जाते. वस्तुतः अशा विधानामागेही साधने असतात आणि त्या साधनांनाही स्थळकाळाच्या मर्यादा असतात. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन वर्षावनात राहणाऱ्या लघुकर्णी कोल्ह्याच्या आहाराविषयीचे ज्ञान कसे घडत गेले, याचा या दृष्टीने आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नामाचा प्रश्न

आहाराकडे वळण्यापूर्वी नावाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत 'कोल्हा' आणि 'खोकड' हे दोन भिन्न प्राणी आहेत. कोल्हा हा कुळाने लांडग्याच्या जवळचा, तर खोकड हे खऱ्या अर्थाने युरोपीय 'फॉक्स'चे भावंड. दक्षिण अमेरिकेत आलेल्या स्पॅनिश वसाहतकारांनी तेथील लहान श्वानवर्गीय प्राण्यांना आपल्या देशातील खोकडाचे नाव दिले आणि ते 'सोर्रो' झाले. पोर्तुगीजांनी त्यांना कोठे 'रापोझा' म्हटले, तर कोठे 'रानातील कुत्रा'. लिनियसने १७६६ मध्ये सुरिनाममधील अशाच एका प्राण्याला 'कॅनिस थूस' हे नाव दिले. पुढे १८३९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ यांनी त्यासाठी 'सेर्डोसायन' ही प्रजाती स्थापली. ग्रीक शब्दांच्या आधारे या नावाचा अर्थ लावला, तर एकाच प्राण्याच्या नावात खोकड, कुत्रा आणि कोल्हा असे तिघेही एकत्र आलेले दिसतात.

हा केवळ शब्दांचा घोटाळा नाही. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी तयार झाल्यानंतर श्वानकुळातील प्राणी दक्षिण अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पसरले आणि तेथील विविध अधिवासांत त्यांची स्वतंत्र उत्क्रांती झाली. २००५ मध्ये कुत्र्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा हे प्राणी खोकडांपेक्षा लांडग्यांच्या शाखेला अधिक जवळचे आहेत, हे स्पष्ट झाले. म्हणजे युरोपीय निरीक्षकांनी ज्या प्राण्याला परिचित नावाने ओळखले, तो त्यांच्या परिचयाचा नव्हता. परिचित नाव दिल्यामुळे त्याच्या सवयीही परिचित असतील, असे गृहीत धरणे मात्र सोपे झाले.

पहिले साधन : पिंजरा

लघुकर्णी कोल्ह्याचे शास्त्रीय वर्णन फिलिप लटली स्क्लेटर यांनी केले. स्क्लेटर हे मूळचे पक्षिशास्त्रज्ञ, १८६० ते १९०२ या काळात लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेचे चिटणीस. त्या संस्थेच्या प्राणिसंग्रहालयात आलेल्या एका प्राण्यावरून त्यांनी १८८३ मध्ये 'कॅनिस मायक्रोटिस', म्हणजे लहान कानांचा श्वान, हे नाव दिले. प्राण्याचे मूळस्थान म्हणून 'ॲमेझॉन' असा स्थूल निर्देश करण्यात आला. लाखो चौरस किलोमीटरच्या अरण्याचा हा पत्ता एका शब्दाचा होता. १८९० मध्ये सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी श्वानकुळावरील आपल्या सचित्र ग्रंथात या प्राण्याचा समावेश केला. १९४० मध्ये आंखेल काब्रेरा यांनी त्याला 'अटेलोसायनस' या स्वतंत्र प्रजातीत ठेवले.

या साऱ्या काळात अभ्यासकांसमोर होती ती कातडी, कवट्या आणि क्वचित एखादा बंदिस्त प्राणी. त्यांवरून दातांची लांबी मोजता आली, शेपटीचे केस वर्णिता आले, पण रानातील अन्नाविषयी काही कळणे शक्य नव्हते. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील फिलिप हर्शकोविट्झ यांनी १९६१ मध्ये या प्राण्यावर विस्तृत निबंध लिहिला. त्यातील वर्तनविषयक माहितीचा मोठा भाग अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत ठेवलेल्या प्राण्यांवर आधारलेला होता. तेथे त्यांना कच्चे मांस मिळे. ते गवताचे कोंब खात आणि पाळीव कुत्र्याला चालणारे अन्नही खात. पुढील संदर्भग्रंथांत आहारासंबंधी हीच माहिती दीर्घकाळ फिरत राहिली.

येथे साधनचिकित्सेचा मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. पिंजऱ्यातील नोंद खोटी नव्हती. प्राणी मांस खात होता, हे सत्यच होते. परंतु ती नोंद प्राण्याच्या आवडीनिवडीपेक्षा संग्रहालयाच्या कोठारात काय होते, याची अधिक साक्ष देते. एखाद्या कैद्याच्या भोजनावरून त्याच्या गावची शेती समजून घेण्यासारखाच हा प्रकार होता.

दुसरे साधन : प्रत्यक्ष दर्शन

खुल्या गवताळ प्रदेशातील प्राण्यांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी होती. वर उल्लेखिलेला 'सेर्डोसायन' हा सामान्यतः खेकडेखाऊ कोल्हा या नावाने ओळखला जातो. चार्ल्स ब्रॅडी यांनी व्हेनेझुएलातील लानोस या पूरमैदानांत केलेली त्याची निरीक्षणे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावरून आणि नंतरच्या अभ्यासांवरून असे दिसून आले की, हा प्राणी खेकड्यांबरोबरच कीटक, उंदीर, बेडूक, सरडे, अंडी आणि फळेही खातो, तसेच ऋतुमानानुसार त्याच्या आहारात पालट होतो. काही प्रदेशांत आणि काही काळ तो खेकडे खातो एवढेच त्याचे नाव सांगते. तोही ॲमेझॉनच्या घनदाट सखल अरण्यात फारसा शिरत नाही, वनकडेला आणि मोकळ्या भूमीवर वावरतो.

घनदाट वर्षावनात मात्र प्रत्यक्ष निरीक्षणाची पद्धत अपुरी पडते. तेथे दृष्टी काही मीटरच पोहोचते आणि लघुकर्णी कोल्हा एकटा, अबोलपणे फिरतो. अनेक वर्षे रानात काम केलेल्या संशोधकांनाही तो क्वचितच दिसला. कार्लोस पेरेस यांनी १९९१ मध्ये या प्राण्याच्या शिकारीची प्रत्यक्ष निरीक्षणे प्रसिद्ध केली, त्यांचे मूल्य म्हणूनच मोठे आहे. परंतु अशी दर्शने दुर्मिळ असल्याने त्यांवरून वर्षभराच्या आहाराचे चित्र उभे करणे शक्य नव्हते. शिवाय पाठलाग डोळ्यांत भरतो, तर जमिनीवर पडलेले फळ उचलून खाणे सहज नजरेतून निसटते.

तिसरे साधन : विष्ठा

पेरूच्या आग्नेय भागातील मानू राष्ट्रीय उद्यान १९७३ मध्ये स्थापन झाले आणि १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील कोचा काशू संशोधन केंद्राच्या परिसरात रेनाता लेइते पिटमन यांनी या प्राण्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. आहारासाठी त्यांनी वापरलेले साधन म्हणजे रानात मिळालेली विष्ठा. ती पाण्यात धुऊन चाळली म्हणजे केस, हाडांचे तुकडे, माशांचे खवले, कीटकांची कवचे आणि बिया शिल्लक राहतात. त्यांची ओळख पटवून कोणता घटक किती नमुन्यांत आढळला, हे मोजले जाते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या श्वानतज्ज्ञ गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यानुसार २८ टक्के नमुन्यांत मासे आढळले आणि तोच सर्वांत महत्त्वाचा घटक ठरला. कीटक, विशेषतः भुंगेरे, १७ टक्के नमुन्यांत होते. अगूटी, शिशुधानी प्राणी आणि लहान कृंतक अशा सस्तन प्राण्यांचे प्रमाण १३ टक्के होते. याखेरीज पक्षी, खेकडे, बेडूक, सरपटणारे प्राणी आणि ताडवर्गीय वृक्षांसह अनेक वनस्पतींची फळे यांचेही अवशेष मिळाले. पंजाच्या बोटांमधील अर्धवट पडद्याचा उल्लेख पूर्वीच्या वर्णनांत शरीररचनेचे एक वैशिष्ट्य म्हणून येत असे. माशांच्या खवल्यांमुळे त्याचे जलसान्निध्याशी असलेले नाते लक्षात येऊ लागले.

अर्थात हे साधनही निर्दोष नाही. नमुन्यांची संख्या मोठी नव्हती. मऊ मांस पूर्ण पचते, तर कठीण बी अथवा कवच टिकते. त्यामुळे आढळाची वारंवारता म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे वजन नव्हे. तरीही एक मूलभूत फरक राहतो. या साधनाची निर्मिती माणसाने केलेली नाही. प्राण्याने स्वेच्छेने, स्वतःच्या रानात, स्वतःच्या वेळी जे खाल्ले, त्याचाच तो अवशेष आहे. इतिहासाच्या परिभाषेत सांगायचे तर ते अस्सल कागदपत्राच्या जवळ जाते.

लोकज्ञान आणि शास्त्र

कोल्ह्याचा फलाहार ग्रामीण समाजांना नवा नाही. 'कोल्हा काकडीला राजी' ही मराठी म्हण अल्पसंतुष्टतेवर बोट ठेवते, पण तिच्या मुळाशी कोल्हा वाडीतील काकडी खातो, हे शेतकऱ्याचे निरीक्षण आहे. ती म्हण आपल्याकडील कोल्ह्याविषयी आहे, ॲमेझॉनच्या प्राण्याविषयी नाही. तथापि श्वानवर्गीय म्हणजे केवळ मांसाहारी हा समज ग्रंथांनी आणि पिंजऱ्यांनी पोसला, शेताच्या बांधाने नव्हे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

समारोप

१८८३ ते २००४ या १२१ वर्षांच्या प्रवासात लघुकर्णी कोल्ह्याच्या आहाराचे चित्र मांसाकडून मासे, भुंगेरे आणि फळांकडे सरकले. बदलले ते अभ्यासकाचे स्थान आणि त्याचे साधन. या इतिहासाला वर्तमानाची निकड आहे. लघुकर्णी कोल्हा हा केवळ ॲमेझॉन खोऱ्यातच आढळणारा एकमेव श्वानवर्गीय प्राणी आहे. २०२० मध्ये दानिएल रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंगलतोडीमुळे त्याच्या योग्य अधिवासापैकी सुमारे ३० टक्के क्षेत्र २०२७ पर्यंत नष्ट होण्याची अथवा निकृष्ट होण्याची शक्यता वर्तविण्यात आली. तोडलेल्या रानात खेकडेखाऊ कोल्हा आणि पाळीव कुत्रा शिरू शकतो, लघुकर्णी कोल्ह्याला मात्र ओढे, मासे आणि फळझाडे असलेले सलग अरण्यच लागते. तो मांसावर जगतो एवढेच ज्ञान असते, तर त्याच्या रक्षणासाठी भक्ष्य प्राणी राखणे पुरेसे वाटले असते. चाळणीतील खवले आणि बिया सांगतात की, ओढाही राखावा लागेल आणि ताडही. दप्तरखाना जळाल्यावर साधनचिकित्सा करता येत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.